चामड्याचा पहिला धडा : तिरंदाजीचा हातपट्टा

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू असू द्या, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. मात्र जवळ एक कागद-पेन्सिल ठेवा. मधे मधे मी मापं सांगणार आहे.

आपल्या सातारा जिल्ह्याला अभिमान वाटावा अशा दोन गोष्टी आधी सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. त्यात साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ही झाली एक गोष्ट. दुसरी थोडी आधीची. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सोलापूर आणि आपला सातारा आहे, आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. म्हणजे बाण सोडणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत आणि चामडं जाणणारे हातही आपल्याकडेच आहेत. पण मैदानावरच्या मुलीला हातपट्टा लागला की तो बाहेरून मागवला जातो. गावातल्या चप्पल शिवणाऱ्या बाईला मात्र तसलं काही कुणी विचारत नाही. आज मला या दोघींची गाठ घालून द्यायची आहे.

मी चर्मकाराच्या घरातली. माझ्या सासऱ्यांची रापी आजही आमच्या घरी वापरात आहे. आमच्या कामात तळ कापणं हे बहुतेक पुरुषांकडे, आणि वेणी विणणं, पट्टे शिवणं हे बायकांकडे. तरी कारागीर म्हटलं की पुरुषाचंच नाव पुढे येतं, आणि बाई नुसती हाताखाली असते. ते असो. सांगायचं हे की शिवणाचं काम मी लग्नानंतर लगेच शिकले, आणि तिरंदाजीचं सामान अलीकडे.

चामड्याच्या कामाला नवीन बाईने सुरुवात कशाने करावी, असं मला कुणी विचारलं तर मी चप्पल सांगत नाही. चपलेवर अख्खं शरीर उभं राहतं, त्यात चूक खपत नाही. पर्सही सांगत नाही. तिला चेन, अस्तर, कप्पे, सतरा भानगडी. मी तिरंदाजीचं सामान सांगते. त्यात तीन वस्तू आहेत आणि प्रत्येक वस्तू एक एक कसब शिकवते. बोटांचा टॅब शिकवतो कापायला. हातपट्टा शिकवतो चामड्याला आकार द्यायला. आणि बाणांचा भाता शिकवतो शिवायला. पहिल्या दोन वस्तूंना लहान तुकडे पुरतात, चपलेच्या कामातून उरलेलेसुद्धा. शिवाय तुमचं काम जमलं की नाही, हे दहा बाणांत कळतं. दोरी हाताला लागली नाही, बोटं सोलली नाहीत, म्हणजे जमलं.

हे सामान लागतं कशाला, ते ज्यांनी मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उजव्या हाताने दोरी ओढणारी मुलगी डाव्या हातात धनुष्य धरते. दोरी सुटली की ती डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, फटका मारू शकते. एकदा लागली की काळानिळा वळ उठतो. बऱ्याच मुलींचा कोपर हात ताणला की मागे जास्त वाकतो, आणि आतली बाजू दोरीच्या वाटेत येते. त्यावर खरा उपाय हात धरायची पद्धत. कोपराची वळी जमिनीकडे किंवा आकाशाकडे न राहता बाजूला वळलेली हवी, ते प्रशिक्षक शिकवतात. पण शिकेपर्यंत हात सांभाळायला हातपट्टा हवाच. मनात एकदा वळाची भीती बसली की मुलगी दोरी सोडताना हात चोरते, बाण भलतीकडे जातो, आणि मग ती म्हणते, मला हा खेळ जमत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं असंच होणार होतं. तिच्या आईचं पुढे सांगते.

ही गरज फार जुनी आहे. रामायण-महाभारतात धनुर्धराच्या वर्णनात गोधांगुलित्राण असा शब्द येतो. गोधा म्हणजे घोरपड, अंगुलित्राण म्हणजे बोटांचं रक्षण करणारं. त्या काळी घोरपडीचं कातडं वापरत. आज घोरपड कायद्याने संरक्षित आहे, तिच्या कातड्याला हातही लावायचा नाही. धनुर्धरांची नावं आपल्याला पाठ असतात. ते कातडं कमावणाऱ्याचं नि शिवणाऱ्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

आता चामडं कसलं घ्यायचं? दोन जाती लक्षात ठेवा. एक झाडपाल्याने कमावलेलं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. कोल्हापूरकडे जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल नि हिरड्याचं पाणी भरून ती टांगून ठेवत. ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे मेहनतीचं काम केलं. दुसरी जात क्रोम चामड्याची. ते रसायनाने कमावतात, मऊसूत असतं, जॅकेट नि पर्सना वापरतात. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. झाडपाल्याचं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसतं, क्रोमच्या कडेत बऱ्याचदा निळसर-राखाडी झाक असते. पाण्याचा एक थेंब टाका. झाडपाल्याचं चामडं तो पिऊन काळसर होतं. आपल्याला हेच हवं, कारण ओलं करून दिलेला आकार तेच धरून ठेवतं. आपल्या राज्यात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे म्हशीचं चामडं घ्या आणि पावतीने घ्या. जाडी टॅबला दोन मिलिमीटर, हातपट्ट्याला अडीच ते तीन.

हत्यारं फार नकोत. कापायला रापी. ती हाताळायची सवय नसेल तर नव्या पात्याचा पेपर कटर चालेल. भोकं पाडायला आरी आणि गोल पंच. ठोकायला लाकडी मोगरी. खाली जाड लाकडी ठोकळा, म्हणजे पातं फरशीवर बोथट होणार नाही. पॉलिश पेपर, मेण, जाड दोरा, दोन बोथट टोकांच्या सुया. आणि स्टीलची पट्टी. कापताना पातं नेहमी आपल्यापासून दूर किंवा बाजूला जाऊ द्यायचं, पट्टी धरलेल्या हाताची बोटं कधीही पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत. लेकरं जवळ असतील तर रापी आधी फळीवर ठेवा, मग फोन घ्या.

पहिली वस्तू, टॅब. दोरी ज्या तीन बोटांनी ओढतात, म्हणजे तर्जनी, मधलं आणि अनामिका, त्यांच्या आतून हा तुकडा बसतो. कंपाउंडवाल्या मुली दोरी बोटांनी सोडत नाहीत, त्या रिलीज नावाचं यंत्र वापरतात. त्यांना टॅब लागत नाही. रिकर्व्हला आणि शाळांमधून चालतं त्या बांबूच्या धनुष्याच्या इंडियन राउंडला मात्र तो लागतो. जुन्या लग्नपत्रिकेवर तिन्ही बोटं जुळवून ठेवा आणि भोवती रेघ मारा. बोटांच्या टोकांपासून दुसऱ्या पेराच्या थोडं खालपर्यंत लांबी घ्या. खालच्या टोकाला मधलं बोट घालायला भोक. वर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध एक खाच, तिथे बाणाची शेपटी बसते. काही जणी तिन्ही बोटं बाणाच्या खाली धरतात, त्यांना खाच नको. हा कागद आधी बोटात घालून बघा. बसला तरच चामड्यावर ठेवा. चामड्याची गुळगुळीत बाजू दोरीकडे आली पाहिजे, खरबरीत बाजू बोटांकडे.

इथे एक गोष्ट. टॅब पहिल्यांदा जरा मोठाच कापा. मैदानावर वीस-एक बाण सोडू द्या. मग बोटांच्या टोकांपुढे लोंबणारं जेवढं आहे तेवढं हळूहळू कापून टाका. जास्तीचं चामडं दोरीला अडतं आणि बाण डगमगतो. उलट फार लहान कापला तर बोटाच्या टोकाला दोरी लागते. शिवणकाम करणारीला हे लगेच कळेल. ब्लाउज उसवता येतो, पण कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

दुसरी वस्तू, हातपट्टा. मुली त्याला आर्मगार्ड म्हणतात. मनगटाच्या वळीपासून दोन बोटं वर सुरुवात करा आणि कोपराच्या वळीच्या तीन-चार बोटं खाली थांबा. वळीवर पट्टा आला तर हात सरळ करताना टोचतो. आता मनगटापाशी आणि वरच्या टोकाला हाताचा घेर टेपने मोजा. घेराच्या साधारण दोन तृतीयांश रुंदी घ्यायची. हाताच्या बाहेरच्या बाजूला फट राहिली पाहिजे, तिथे नाडी येईल. म्हणजे मनगटाचा घेर पंधरा सेंटिमीटर असेल तर खालची रुंदी दहा, वरचा घेर एकवीस असेल तर वरची रुंदी चौदा. कोपरे बांगडी ठेवून गोल करून घ्या. टोकदार कोपरा आधी हाताला बोचतो आणि पुढे तोच दोरीत अडकतो.

कापून झालं की वरची कड आतल्या बाजूने रापीने तासून पातळ करा. मग सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासा, पाण्याचं बोट फिरवा, आणि जाड सुती कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाने घोटा. घोटत राहिलं की तंतू बसतात आणि कड चकाकते. यात घाई करू नका. कड घोटलेली आहे की नाही, यावरून जाणकार बाई काम ओळखते.

मग दोन्ही लांब कडांना प्रत्येकी चार भोकं पाडा, कडेपासून एक सेंटिमीटर आत. त्याहून जवळ पाडलीत तर ताणाने फाटतात. आता कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा. बुडबुडे थांबले की काढा, पिळू नका. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून काचेच्या बाटलीभोवती गुंडाळा आणि मऊ सुती पट्टीने बांधा. सुतळी वापरली तर तिचे वळ चामड्यावर कायमचे उठतात. ओल्या चामड्याला लोखंड टेकू देऊ नका, हिरड्या-बाभळीचा अंश लोखंडाशी लागला की काळे डाग पडतात. रात्रभर सावलीत राहू द्या. उन्हात किंवा चुलीपाशी वाळवलं तर कडक होऊन तडकतं. सकाळी सोडाल तेव्हा चामड्याने गोलाई धरलेली असेल.

शेवटी भोकांतून पेटीकोटला वापरतो तसलं गोल इलास्टिक, बुटाच्या नाडीसारखं आडवं-तिडवं ओवा. गाठ हाताच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला गाठ, हूक, नक्षीची टिकली, काहीही नको, दोरी तिथूनच घसरून जाणार आहे. इलास्टिकमुळे मुलीला पट्टा एका हाताने चढवता येतो, आणि वर्षभरात हात भरला तरी नवा करावा लागत नाही. खोबरेल तेलाचा अगदी हलका हात द्या. जास्त तेलाने चामडं लोळागोळा होतं.

मघाशी मी एका मुलीच्या आईचं सांगते म्हटलं. ती मुलगी सातवीत. तिच्या हातावर वळ बघून आई म्हणाली, बस झाला हा खेळ. मुलीने मैदानावर माझा पट्टा दुसरीच्या हातावर पाहिला होता, ती आईला घेऊन आमच्याकडे आली. मी म्हटलं, विकत देत नाही, बसा, तुमच्याच हाताने करून न्या. त्या बाई उंबऱ्याशी बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी चामड्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. चहा दिला तर म्हणाल्या, उपवास आहे. बुधवार होता. मी काही बोलले नाही. आम्हाला ते नवीन नाही. आमच्या जातीचं नाव लोक शिवीसारखं वापरतात, आणि आम्ही शिवलेली चप्पल घालून देवळाच्या दारापर्यंत जातात.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाताचं माप घ्यायचं होतं. मी टेप त्यांच्या हातात दिली. वळावर टेप ठेवताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनीच विचारलं, चामडं इथे जाड ठेवू का? आणि तुकडा उचलला. चार दिवसांत पट्टा झाला. कड त्यांनी माझ्याहून छान घोटली, कारण त्या पापड लाटणाऱ्या, त्यांच्या मनगटात सफाई आहे. आता आठवड्यातून दोनदा येतात. चहाचं आधण त्याच ठेवतात, आणि साखर कमी घालते म्हणून मला बोलतात.

म्हणून माझं सांगणं असं, की हे काम घरी एकट्याने शिकण्यापेक्षा गावातल्या चप्पल शिवणाऱ्या बाईकडे जाऊन शिका. मी दहा मिनिटं बोलून जे सांगत्ये ते ती दोन मिनिटांत हातात देईल. पण फुकट शिकू नका. शिवणक्लासला फी देता ना, तशी तिलाही द्या. आणि वस्तू कुणाला दाखवाल तेव्हा, हे मला अमक्या ताईंनी शिकवलं, असं नाव घेऊन सांगा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या गेल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. आपल्याकडे केवढा आरडाओरडा झाला, आणि योग्यच झाला. तोच न्याय आपल्या गल्लीतही लावू या.

आता तिसरी वस्तू, भाता. इथे शिवण आली. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, सव्वीस रुंद तुकडा घ्या आणि लांबीत दुमडा. तळाशी आतून आणखी एक थर चिकटवा, कारण बाणांची टोकं तळ भोसकतात. चिकटवायचं सोल्युशन खिडकी उघडी ठेवूनच वापरा. शिवणीची रेघ कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत आखा. भोकांचं अंतरही अर्धा सेंटिमीटर. काट्या-चमच्यातल्या काट्याने दाबत गेलं की खुणा सारख्या उठतात. आरी प्रत्येक वेळी सरळ उभी धरा, वाकडी गेली तर मागची शिवण नागमोडी दिसते. लांब कडेला नव्वदच्या आसपास भोकं होतील. घाबरू नका, एखाद्या मालिकेच्या भागात होतात.

दोरा शिवणीच्या चौपट घ्या, मेणातून ओढा, दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा अर्धा काढा, दोन्ही बाजू सारख्या करा. मग प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, एक इकडून एक तिकडून, आणि दोन्ही दोरे एकदम ताणा. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. या शिवणीत एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी तीन टाके उलटे या आणि दोरा कापा. मागे कमरपट्ट्यासाठी दोन फासे लावा, एक वर, एक जरा खाली. भाता किंचित तिरका बसला की बाण काढताना कोपर अडत नाही.

सांभाळायचं कसं? पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वारं लागू द्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको.

आणि विकायचं ठरवलंत तर हिशेब वहीत मांडा. चामडं किती गेलं, वाया किती गेलं, इलास्टिक, दोरा, आणि तुमचे तास. आपण बायका शेवटची ओळ लिहितच नाही. घरी बसून केलं, त्याचे काय पैसे, म्हणतो. रोजगाराला गेलो असतो तर जी मजुरी मिळाली असती ती धरा. प्रत्येक पट्टा विकण्याआधी एखाद्या मुलीच्या हातावर चढवून, तिच्या प्रशिक्षकांसमोर दहा बाण सोडून बघा. आणि मुलींना दोन गोष्टी बजावा. मैदानावर ओढणी, बांगड्या, लांब साखळी नको, दोरीत अडकते. बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधी सोडायची नाही, धनुष्य तुटून इजा होते.

आज रात्री चामडं नसलं तरी चालेल. एक जुनी लग्नपत्रिका घ्या, घरातल्या मुलीचा हात घ्या, आणि कागदाचा पट्टा कापून बघा. बसला नाही तर दुसरी पत्रिका. बसला की तो कागद घेऊन उद्या गावातल्या ताईंकडे जा. चहा देतील, तो घ्या.